नारळाआधीचा नारळ

आमच्या कॉलेजात नवी प्रयोगशाळा आली ती आठ लाकडी खोक्यांतून, आणि पहिले पाच महिने ती खोक्यांतच राहिली. पहिल्या वर्षाच्या मुलांना यंत्रकाम, इलेक्ट्रॉनिक्स आणि दाबलेल्या हवेवर चालणारी उपकरणं यांची तोंडओळख करून द्यायची, असा एक विषय अभ्यासक्रमात आला होता. खोकी त्यासाठी होती. पण ठेवायला खोली नव्हती, म्हणून ती व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवली होती. मुली त्यांच्यावर बसून डबा खायच्या. एका खोक्यावर शिपायाने चहाच्या किटलीची जागा केली होती. दुसऱ्यावर कुणीतरी खडूने प्राचार्यांचं चित्र काढलं होतं. ते त्यांनी पुसायला सांगितलं नाही, त्यावरून ते त्यांना आवडलं असावं असं आम्ही धरून चाललो.

त्या विषयाचा शिक्षक मी होतो. म्हणजे त्या खोक्यांचा शिक्षक. मी फळ्यावर लेथ, म्हणजे धातू गोल फिरवून कापायचं यंत्र, काढायचो, मुलं वहीत लेथ काढायची. हवेचा सिलिंडर काढायचो, मुलं तोही काढायची. एकदा अमडापूरच्या एका उंच मुलाने हात वर करून विचारलं, "सर, सिलिंडर कोणत्या खोक्यात हाय ते तरी दाखवा. निदान तिकडं तोंड करून बसू." मी त्याला खोकं दाखवलं. तो खरोखरच तिकडे तोंड करून बसला.

माझी नेमणूक एकेका वर्षाची होती. उन्हाळा संपला की नवी ऑर्डर निघायची किंवा निघायची नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडील वांगी, टमाटे आणि कोथिंबीर पिकवतात आणि माल चिखलीच्या बाजारात नेतात. बाजारात प्लॅस्टिकचे क्रेट अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक जण आपल्या क्रेटवर काहीतरी खूण करतो. कुणी त्रिशूळ काढतो, कुणी मुलीचं नाव लिहितो. माझी पहिली ऑर्डर निघाली त्या आठवड्यात वडिलांनी आमच्या चाळीस क्रेटांवर लाल रंगात 'प्रोफेसर' असं लिहून घेतलं. मला न विचारता. तेव्हापासून बाजारात हमाल ओरडतात, "प्रोफेसरची वांगी इकडं घ्या रे." माझी ऑर्डर निघाली नाही तर त्या चाळीस क्रेटांचं काय करायचं, हा विचार मी जागेपणी तरी टाळायचो.

अशात एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं.

"खोली मिळाली," ते म्हणाले. "जुन्या उत्तरपत्रिकांची. तीन आठवड्यांनी चेअरमनसाहेब उद्घाटनाला येतील. प्रयोगशाळा चालू झाली तर तुमची पुढच्या वर्षाची ऑर्डर तिथेच सही करून घेऊ. नाही झाली तर हा विषय शेजारच्या कॉलेजात पाठवून शिकवू. तिथे त्यांचे शिक्षक आहेत."

"होईल सर."

"आणि एक कल्पना आहे. फीत कापणं सगळेच करतात. आपण उद्घाटनाचा नारळ मुलांनी जोडलेल्या यंत्राने फोडायचा. चेअरमनसाहेबांनी फक्त बटण दाबायचं. यंत्रकाम, इलेक्ट्रॉनिक्स, हवा, तिन्ही गोष्टी एकात दिसतील. काय?"

मी हो म्हणालो. ज्याची ऑर्डर एका वर्षाची असते तो आधी हो म्हणतो आणि जिना उतरताना विचार करतो. मी जिना उतरत होतो तेव्हा मला मिस्त्रीकाका आठवले.

मिस्त्रीकाका म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री. कॉलेज उभं राहिलं तेव्हापासूनचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पहिल्या वर्षी मी दोन दिवस कानस घासून लोखंडाचा एक चौकोन तयार केला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चौकोन करायचा तुह्या मनात व्हता, हे दिसून राह्यलं." मग मला पुन्हा घासायला लावला. पाचव्या खेपेला त्याच्या कडा गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीला, लागल्या. आज मी जो काही आहे तो त्या पाचव्या खेपेमुळे, असं मी मनापासून मानतो.

काकांचा एकच नियम होता आणि तो कॉलेजच्या कोणत्याही नियमापेक्षा जुना होता. नव्या यंत्रापुढे नारळ फुटल्याशिवाय ते चालू करायचं नाही. वर्कशॉपच्या वीज आणि हवेच्या चाव्या त्यांच्या कमरेला असत, त्यामुळे हा नियम मोडायची कुणाला सोयही नव्हती.

"काका, उद्या हवेच्या सिलिंडरचं पॅनेल जोडून चालवून पाहतो," मी म्हणालो.

"नारळ?"

"नारळ उद्घाटनाले फुटणारच हाय."

"मंग उद्घाटनानंतर चालवजो."

"पण काका, नारळ त्याच मशीननं फोडायचा हाय."

काकांनी कानातली विडी काढली, पाहिली आणि पुन्हा कानात ठेवली. "मास्तर," ते म्हणाले, "माह्या आधीच्या नोकरीत एक शेपर मशीन आली. साहेब म्हणे, हे विज्ञान हाय, नारळ-बिरळ काही नाही. चालू केली तशीच. त्याच आठवड्यात त्याच्या स्कूटरचं हँडल निघून हातात आलं."

"स्कूटर जुनी असन."

"स्कूटरचा नारळ फुटला व्हता. मी सोता फोडला व्हता. मंग हँडल कायनं आलं?"

मी परत वर गेलो आणि प्राचार्यांना विचारलं की आदल्या दिवशी एक नारळ आम्ही साध्या दगडावर गुपचूप फोडला तर चालेल का.

"म्हणजे उद्घाटन आदल्या दिवशीच झालं," प्राचार्य म्हणाले. "मग चेअरमनसाहेबांनी काय दुसऱ्या नंबरचा नारळ फोडायचा? त्यांना कळलं तर?"

मी वर्गात सगळं जसंच्या तसं सांगितलं. जानेफळची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिचे वडील पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे, त्यामुळे तिला तांब्याच्या तारेची भीती नव्हती आणि माणसांचीही फारशी नव्हती. ती उभी राहिली.

"म्हणजे सर, नारळ फुटल्याबिगर मशीन चालवता येत नाही. अन् मशीन चालल्याबिगर नारळ फुटत नाही."

"हो."

"परीक्षेत हेच लिहू बे," मागून अमडापूरचा मुलगा तिला म्हणाला. "दोन्हीकडून बराबर हाय. कोणी मार्क कापू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी तीच काकांकडे गेली. मी दारात उभा होतो. तिने काकांना सरळ विचारलं, "काका, मशीन म्हणजे नेमकं काय काय? ते सांगा. जे मशीन नाही ते आम्ही चालवू."

काकांना हा प्रश्न आवडला. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिथेच वर्गवारी सुरू झाली.

"काँप्रेसर?"

"तो वर्कशॉपचा. त्याचा नारळ कधीच फुटला. चालवा."

"पाइप?"

"पाइप म्हणजे पाइप."

"व्हॉल्व्ह?"

"हालते का त्याच्यात काही?"

"आतमधी एक दांडी हालते."

"मंग मशीन."

"सिलिंडर?"

"त्याचा तं दट्ट्याच भाईर येते. मशीन. विचारू बी नको."

"सर्किटचा बोर्ड? त्याच्यात काहीच हालत नाही. फक्त दिवा लागते."

"दिवा तं देवापुढं बी लागते. चालवा."

"अन् दाबाचा काटा?"

इथे काका अडकले. काटा हलतो, पण तो स्वतःहून हलत नाही. घड्याळाचा काटाही हलतो आणि घड्याळापुढे कुणी नारळ फोडत नाही. शेवटी ते म्हणाले, "काटा साक्षीदार हाय. साक्षीदाराले नारळ लागत नाही."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. आजही पहिल्या तासाला मी मुलांना तेच विचारतो, यात हलतं काय आणि हलवतं काय. उपकरणाचे भाग समजावून सांगण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला कोणत्याच पुस्तकात सापडलेला नाही.

त्या वर्गवारीवर आमचे पुढचे तीन आठवडे गेले. नवी लेथ खोक्यातून काढून जागेवर बसवली, पण ती निषिद्ध. म्हणून नारळ ठेवायचं कडं आम्ही वर्कशॉपच्या जुन्या लेथवर केलं. बोअरवेलच्या पाइपाचा एक तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरला आणि मुलांना एकेक करून समोर उभं केलं. पहिल्यांदा लेथसमोर उभा राहणारा मुलगा नेहमी मागे झुकून उभा राहतो, जसा काही बैलाच्या मागच्या बाजूला उभा आहे. चक आवळायची चावी चकमध्ये राहू द्यायची नाही, लेथ सुरू होताच ती उडते, हे मी दहा वेळा सांगितलं. अमडापूरच्या मुलाने अकराव्यांदा ती ठेवली. काकांनी लेथ बंदच ठेवली होती. चावी काढून त्यांनी त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि दिवसभर ती तिथेच राहू दिली. लोखंडाच्या वजनाने त्याचा खिसा पोटापर्यंत लोंबला. त्यानंतर त्या वर्गात चावी कुणीच विसरलं नाही.

नारळावर आपटणारा ठोकळा मुलांनी कानसून केला. छिन्नीसारखी, पण बोथट धार असलेला. सर्किट जानेफळच्या मुलीने केलं. दोन बटणं, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वीज व्हॉल्व्हपर्यंत जाणार, व्हॉल्व्ह हवेला वाट देणार, आणि दट्ट्या खाली येणार. बटणं सोडली की दट्ट्या आतल्या स्प्रिंगने वर जाणार.

"दोन काऊन?" अमडापूरच्याने विचारलं.

"एक हात मोकळा राह्यला तं माणूस तो नारळावर ठेवते. सवयीनं. आपण घरी फोडताना एका हातानं धरतोच नं? दोन्ही हात बटणावर असले म्हणजे बोटं वाचतात."

मला फार अभिमान वाटला. मोठ्या कारखान्यांत दाबयंत्रांना हीच सोय असते आणि तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. चाचणी घेताना व्हॉल्व्हच्या जागी एक छोटा दिवा जोडला. दोन्ही बटणं दाबली की दिवा लागायचा. काका येता-जाता तो दिवा लावून बघायचे आणि हात जोडल्यासारखं करून पुढे जायचे.

पाइपांत हवा भरून आम्ही ते पाण्याच्या बादलीत बुडवले आणि पंक्चरवाल्यासारखे बुडबुडे शोधले. हे काम पोरांना आधीच येत होतं. जवळजवळ सगळ्यांच्या घरी पाठीवरचा फवारणी पंप होता. मी म्हणालो, "हा सिलिंडर म्हणजे तोच पंप, उलटा. तिथे तुम्ही दांडा हलवून हवा दाबता, इथे दाबलेली हवा दांडा हलवते." सगळा वर्ग "हं" म्हणाला. त्या एका "हं"साठी मी पाच महिने फळ्यावर सिलिंडर काढत होतो.

राहिला नारळ. नारळ किती जोराने फुटतो हे कुणालाच माहीत नव्हतं. आपल्या जिल्ह्यात नारळ पिकत नाही, तो फक्त फुटतो. म्हणून आम्ही अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली एक उभा पाइप बांधला आणि त्यातून ठोकळा वेगवेगळ्या उंचीवरून नारळावर सोडला. नारळ आडवा ठेवला आणि त्याच्या पोटावर घाव बसला तर तो थोड्या जोरातही मधोमध फुटायचा. एका आठवड्यात सात नारळ फुटले, आणि होस्टेलच्या मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ चटणी.

"त्या झाडाचं सात वेळा उद्घाटन झालं," प्राचार्य खिडकीतून म्हणाले. "प्रयोगशाळेचं एकदा होईल ना?"

उद्घाटनाच्या नऊ दिवस आधी जानेफळच्या मुलीने काकांना आणखी एक प्रश्न विचारला. तेव्हा ते चहा पीत होते.

"काका, दट्ट्या खाली येईन तवाच नारळ फुटन नं?"

"हाव."

"म्हणजे मशीन आधी हालन, अन् नारळ मंग फुटन. थोडा का व्हयना, पण आधी. मंग नियमाचं काय?"

काकांनी कप खाली ठेवला. "सांगतो," ते म्हणाले. नऊ दिवस त्यांनी काही सांगितलं नाही. पण मी त्यांना दोनदा पॅनेलसमोर एकटं उभं असलेलं पाहिलं, हाताने काहीतरी खाली येतंय असं करून बघताना.

मला मात्र दुसरीच काळजी होती. चेअरमनसाहेबांनी बटण दाबल्यावर ते यंत्र जन्मात पहिल्यांदा चालणार होतं. आम्ही त्याचे सगळे भाग तपासले होते, फक्त जे हलतात ते सोडून.

उद्घाटनाच्या दिवशी खोलीत झेंडूच्या माळा, खुर्च्या आणि बरीच माणसं होती. चेअरमनसाहेब आले. डाळमिल चालवणारा, धिप्पाड, बोलायला मऊ माणूस. पूजेला एक महाराज बोलावले होते. त्यांनी यंत्राला हळद-कुंकू लावलं, सिलिंडरला हार घातला आणि कड्यात आडवा ठेवलेला नारळ बघून थांबले.

"हा असा काऊन?"

"महाराज, आडवा असला की फुटते," मी म्हणालो.

"पूजेचा नारळ आडवा? शेंडी वर पाहिजे. हे काय स्वयंपाकघर हाय?"

मी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी चेअरमनसाहेबांकडे पाहिलं. चेअरमनसाहेबांनी मान डोलावली. मी स्वतःच्या हाताने नारळ उभा केला. माझ्यामागे अमडापूरचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, मेलो आपण."

मग चेअरमनसाहेब पुढे आले. मी त्यांना दोन्ही बटणं दाखवली. त्यांनी उजवा हात उजव्या बटणावर ठेवला आणि डावा तसाच खाली राहू दिला.

"साहेब, डावा हात या बटणावर."

"डावा?" ते म्हणाले. "डाव्या हातानं नाही बाप्पा. शुभकार्य हाय. डाव्या हातानं मी कोणाले कधी चहा दिला नाही."

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वीस मुलं, एक मिस्त्री, एक मी, सगळे घरी उजव्या हाताने प्रसाद घेणारे, आणि एकालाही सुचलं नव्हतं.

"दुसऱ्याचा उजवा हात चालन," महाराज म्हणाले. "घरच्या पूजेत पत्नी हात लावते."

चेअरमनसाहेबांच्या पत्नी आल्या नव्हत्या. प्राचार्य एक पाऊल पुढे आले. त्याच वेळी संस्थेचे उपाध्यक्षही एक पाऊल पुढे आले. दोघे एकमेकांकडे बघून थांबले आणि मग दोघांनीही दुसऱ्याला "या ना, या" म्हटलं, पण मागे कुणी सरकलं नाही. पत्नीच्या जागी कोण उभं राहणार, हा प्रश्न आता नुसत्या बटणाचा राहिला नव्हता.

चेअरमनसाहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही दाबा. तुमचंच हाय नं हे?"

मी डाव्या बटणापाशी उजवा हात घेऊन उभा राहिलो. चेअरमनसाहेबांचा मोकळा डावा हात, घरच्या सवयीनेच, नारळाकडे निघाला.

"साहेब, हात मांग," जानेफळची मुलगी एकदम म्हणाली. "पाठीवर ठेवा. पाठीवरच राहू द्या."

त्यांनी मुकाट्याने डावा हात पाठीवर नेला. आता आम्ही दोघं, मी आणि चेअरमनसाहेब, यंत्राच्या दोन बाजूंना वाकून उभे होतो. महाराजांनी मंत्र म्हटला. आम्ही बटणं दाबली.

हवेचा फुस्स आवाज झाला. दट्ट्या खाली आला, ठोकळा नारळाच्या शेंडीवर जाऊन टेकला, आणि थांबला.

नारळ फुटला नाही. शेंडीच्या जाड काथ्याने सगळा घाव गादीसारखा झेलला होता. आम्ही बटणं सोडली, दट्ट्या वर गेला. पुन्हा दाबली. पुन्हा खाली आला, शेंडीवर हलकेच टेकला. तिसऱ्या वेळीही तेच. हार घातलेला सिलिंडर नारळापुढे वाकतो, टेकतो, वर जातो. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मला बाजारातले चाळीस क्रेट दिसायला लागले, आणि त्यांवर कोणत्या रंगाचा हात मारला की लाल अक्षरं पूर्ण झाकतील, इथपर्यंत मी पोचलो.

मी मिस्त्रीकाकांकडे पाहिलं. त्यांच्या नियमाप्रमाणे हे फार वाईट झालं होतं. नारळ शाबूत आणि यंत्र तीन वेळा चाललेलं. मला वाटलं, आता ते चाव्या घेऊन निघून जातील. पण ते खुर्च्यांमधून पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणा होता. ते माझ्याशी बोललेच नाहीत, जानेफळच्या मुलीशी बोलले.

"पाह्यलं का?" ते म्हणाले. "तू इचारलं व्हतं नं, मशीन आधी हालन तं काय? नमस्कार केला तिनं. तीन बार. आधी नमस्कार, मंग नारळ. नियम बराबर हाय."

मग महाराजांकडे वळून, "महाराज, नारळाची पूजा झाली, शेंडी वर झाली. आता फोडताना देवळात बी आपण हातात आडवा धरूनच दगडावर हाणतो का नाही?"

"हाणतो," महाराजांनी कबूल केलं.

काकांनी नारळ उचलला, कानाशी हलवून पाणी ऐकलं, बोटाने त्याच्या पोटावरची रेघ शोधली आणि तो कड्यात आडवा ठेवला. "दाबा," ते म्हणाले. चेअरमनसाहेबांनी हे महाराजांचं वाक्य असल्यासारखं ऐकलं. आम्ही दाबली.

टक् असा एकच आवाज झाला. नारळ मधोमध फुटला आणि पाणी उडालं ते सरळ चेअरमनसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर आणि माझ्या चष्म्यावर. चेअरमनसाहेबांनी शर्टाकडे पाहिलं, हनुवटीवर आलेला थेंब उजव्या हाताने पुसला आणि म्हणाले, "तीर्थ मिळालं." मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या ऑर्डरवर सही नव्या लेथच्या पाट्यावर कागद ठेवून झाली. कागदाच्या एका कोपऱ्याला नारळाच्या पाण्याचा डाग पडला होता. घरी गेल्यावर वडिलांनी ती वाचली नाही, त्यांना वाचता येतं तरी. त्यांनी डागावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?" मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"आपण घरी दगडावर फोडतो," ते म्हणाले.

"हाव."

"अन् तुम्ही हवेनं फोडला."

"हाव."

"चांगलं झालं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पंपाचं वायसर गेलं हाय. सकाळी पाहून घेजो." मी सकाळी पाहिलं. त्यात अवघड काही नव्हतं.

ही गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आठवड्याभराने प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं. चेअरमनसाहेबांच्या व्याह्यांनी साखरखेर्ड्याला मंगल कार्यालय बांधलं होतं. साहेबांनी त्यांना शब्द दिला होता की उद्घाटनाचा नारळ आमचं यंत्र फोडेल. मी अर्थातच हो म्हणालो.

यंत्र आणि काँप्रेसर आम्ही वडिलांच्या ओळखीच्या एका भाजीच्या गाडीत चढवले. तिच्यात आमचेच काही रिकामे क्रेट होते, त्यामुळे यंत्राच्या चारही बाजूंना 'प्रोफेसर' असं लिहिलेलं दिसत होतं. मुलं क्रेट उलटे करून त्यांवर बसली. काका पुढे, ड्रायव्हरशेजारी. साखरखेर्ड्याला उतरून सगळं जोडलं आणि मी चाचणीसाठी बटणाकडे हात नेला, तेव्हा काकांनी काँप्रेसरच्या चावीवर हात ठेवला.

"नारळ?"

"काका, हिचा नारळ फुटला नं. तुमच्यासमोरच."

"मशीन तीच हाय. जागा नवी हाय."

मी जानेफळच्या मुलीकडे पाहिलं. या वेळी तिनेही वाद घातला नाही. ती म्हणाली, "सर, मले वाटलंच व्हतं," आणि तिने पिशवीतून एक जादा नारळ काढला.

तेव्हापासून आम्ही दोन नारळ नेतो. एक यंत्राने फोडायचा, आणि एक त्याच्या आधी, कुणी बघत नसताना, मागच्या बाजूला दगडावर हाताने फोडायचा, म्हणजे यंत्र सुरू करता येतं. माझी ऑर्डर अजून वर्षावर्षाचीच आहे आणि दर वर्षी निघते. नव्या वर्गाला मी पहिल्याच तासाला विचारतो, हातातला नारळ कुणाला नीट मधोमध फोडता येतो. जो हात वर करतो त्याच्या हाताला घाव कुठे बसवायचा ते आधीच कळलेलं असतं, म्हणून त्याला आधी लेथवर उभं करतो.